सोनूच्या खिडकीची मेनूपट्टी

संतपूर, शुक्रवार दुपार

सौ. श्रीलक्ष्मीअक्का,

तुमच्या मंजूचा पायावर डोकं ठिवून नमस्कार. दाजींना नमस्कार सांगा, वेदूच्या गालावर हात फिरवा. तुमच्या मानेचं दुखणं कमी झालं असंल, न्हाई तर तिळाचं तेल गरम करून लावा, त्या कंपनीतल्या गोळ्यांनी काय व्हत न्हाई. इकडं आमी सगळे बरे हाव. कुणाला काय झालेलं न्हाई, तवा पत्र बघून घाबरू नका. घाबरून मी लिहायलेय, पण ते माझं नेहमीचंच हाय, तुमी लहानपणापासून बघायलाव.

तुमी म्हणाल फोन असताना पत्र कामून? तर अक्का, फोनवर बोलाया बसलं की आमच्या आत्याबाई (सासूबाई हो, सुमनबाई, तुमी वळखता) शेंगाची पाटी घेऊन शेजारी येऊन बसत्यात. शेंगा फोडत्यात एक आन ऐकत्यात दहा. मला मधीच रडू आलं की त्याच फोन घेऊन सांगत्यात, मंजूला सर्दी झाली म्हणून. मागच्या रविवारी तुमी मला हळद-दूध घे म्हणलाव ते त्याच्यामुळंच. सर्दी नव्हती. आता तुमचे बाबा, गुर्जी, उद्या तुमच्याकडं पुण्याला निघायल्यात, म्हणलं त्यांच्याच हाती द्यावं. तुमच्या आई, नलिनीकाकू, शेंगाच्या चटणीचा डबा द्यायल्यात, त्याच्या खाली हे ठिवीन. तेल लागलं तर माफ करा, अक्षर तसं बी काय लई चांगलं न्हाई.

तुमाला सगळं ठाऊक हाय, तरी पहिल्यापासून सांगते, मला मधूनच सांगाया येत न्हाई. सोनू आता सहाची झाली. ऐकू तिला नीट येतंय (दुसऱ्या खोलीत वाटी पडली तरी पहिली तीच मान वळवती), समजतंय तर आमच्यापेक्षा जास्त, पण तोंडातून शब्द न्हाई. बिदरच्या डॉक्टरनं बघितलं, हैदराबादच्या डॉक्टरनं बघितलं, आत्याबाईंनी त्यांच्या माहेरचा एक बाबा आणून दाखवला. सगळ्यांनी मान हलवली, नुसती हलवायची तऱ्हा येगळी. मंग दिवाळीला तुमी आलाव आन तुमचा जुना लॅपटॉप ठिवून गेलाव, त्यात तुमी पायथनमधी लिहिलेली ती खिडकी. खिडकीत आठ चित्रं. तांब्याच्या चित्रावर माऊस दाबला की माझ्या आवाजात 'पाणी पाहिजे' म्हणायचं. त्या दिवशी सोनूनं तांब्यावर अकरा वेळा दाबलं आन मी अकरा वेळा पाणी आणलं. प्याली एकच घोट. तिला तहान नव्हतीच. म्हणलं की कुणी येतंय का, एवढंच बघायचं होतं.

आन मार्चपासून घरात एकच बोलणं चाललंय, की सोनूला कलबुर्गीला घालायचं. तिथं अशाच लेकरांची शाळा हाय, शिकिवणारी माणसं हायत, पण ऱ्हायचं तिथंच, आईबापानं महिन्यातून एकदा जाऊन बघून यायचं. मी आमच्या गावातल्या शाळेचे हेडसर हायत ना, भीमण्णा सर, त्यांच्या पाया पडले की पहिलीत घ्या हिला, कोपऱ्यात बसंल. माणूस चांगला. म्हणले, "बाई, माझ्याकडं एकतीस लेकरं आन मी एकटा. तिला काय पाहिजे ते तिनं मला सांगितलं पाहिजे. मशीनमधून सांगितलं तरी चालंल. शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात आणून दाखवा." झालं. म्हणजे सोनू माझ्यापाशी ऱ्हाती का कलबुर्गीला जाती, हे सगळं येऊन त्या खिडकीवर बसलं. आन ती खिडकी कुणाच्या हातात? तर नववीतून उठवून लगीन लावलेल्या मंजूच्या. मी भ्याले न्हाई तर काय करंन!

आठ चित्रांवर भागंल असं मला वाटंना. शाळेत किती गोष्टी लागत्यात! मी रोज एक बटण वाढवायले. पाणी झालं, जेवण झालं, शी झाली, शू झाली, पोट दुखतंय, डोकं दुखतंय, पेन्सिल मोडली, चप्पल तुटली. चाळीस बटणं झाली. खिडकी अशी भरली की सोनूला भाकर मागायची असली तर आधी खरूज, मंग उलटी, मंग विंचू अशी वाट काढत जावं लागायचं. तिनं एक दिवस कंटाळून लॅपटॉप झाकला आन माझा पदर धरून चुलीकडं वढत न्हेलं. त्या रविवारी तुमी फोनवर हासलाव आन म्हणलाव, मंजू, बटणं पुरे, आता वर मेनूची पट्टी कर, जशी समद्या प्रोग्रामांना डोक्यावर असती. पट्टीवर चार नावं, नावावर दाबलं की खाली यादी उघडंल, यादीत शब्द, शब्दाच्या शेजारी बारीक फोटो. मला पटलं. आमच्या फडताळावाणीच की, दार उघडायचं मंग आतले डबे.

पटलं पण करायचं कसं! तुमी एकेक अक्षर सांगायचं आन मी वहीत उतरायचं. इंग्रजी मला वाचाया येतंय पण कळत न्हाई, म्हणून मी चित्रावाणी काढते. (एक सांगू का, पायथनची ती चार घरं आत सरकून लिहायची रीत मला लगेच जमली. रांगोळीत एक ठिपका सरकला की सगळं बिघडतंय, तसंच ते.) आधी पट्टी बनवायची, मंग एकेक यादी बनवायची, यादी पट्टीला लावायची, यादीत शब्द घालायचे आन शब्दाला काम नेमून द्यायचं. सगळं केलं. खिडकी उघडली. पट्टीच न्हाई! दोन दिवस मी तेच तेच बघायले. बाकीच्या येळी चूक झाली की पायथन लाल अक्षरात बोंब मारतंय, ह्या येळी एक शब्द न्हाई. तुमाला इचारलं तवा कळलं की शेवटची एक वळ राह्यली, खिडकीला सांगायची की ही पट्टी तुझी हाय, डोक्यावर घे म्हणून. सगळा सैपाक करून ठिवला आन वाढलाच न्हाई, असं झालं. मला दोन दिवस वाटायलं की माझ्याच नशिबात ह्यो मेनू न्हाई.

मंग पट्टी दिसली. चार नावं लिहिली, खाणं, दुखणं, भ्या आन माणसं. 'खाणं' उघडलं की सगळ्यात वर टिंबाटिंबाची एक रेघ यायली. मी म्हणलं असंल काहीतरी शोभेची. सोनूनं तिच्यावर दाबलं तर अख्खी यादी पट्टीतून सुटून हातात आल्यावाणी येगळीच झाली, बारकी खिडकी होऊन! सोनूला एवढा आनंद झाला की तिनं चारी याद्या तोडून काढल्या आन पडद्यावर घर मांडावं तशा मांडल्या. 'दुखणं' कोपऱ्यात सरकवून ठिवलं. तुमी म्हणलाव, टेअरऑफला (म्हणजे यादी तोडून काढायच्या सोयीला) शून्य लिही, रेघ जाईल. लिहिलं, गेली. पोरगी एवढी रडली एवढी रडली की 'खाणं'ची रेघ मी परत लावली. अजून हाय ती. चूक समजून काढू नका.

'भ्या'चं सांगायचं राह्यलं. ती यादी मी तुमाला न इचारता केली. सोनू मिक्सरला भीती, पालीला भीती, मास्कवाल्या माणसाला भीती, दार भायेरून लावलं की भीती. ते घातलं. मंग मला एकेक सुचाया लागलं. कुणी चिमटा काढला तर. कुणी डबा घेतला तर. संडासाची कडी आतून अडकली तर. ताप भरला आन कुणाला कळलंच न्हाई तर. ती यादी एवढी लांबली की पडद्याच्या खाली गेली, खालचे शब्द दिसायचे न्हाईत, बारक्या बाणावर जाऊन थांबावं लागायचं. तुमाला फोटो पाठवला तवा तुमी म्हणलाव, "मंजू, ह्यातलं सोनूचं कुठलं आन तुझं कुठलं?" मी इचार केला. निम्मी माझीच होती. पुसून टाकली यादीतून. यादीतून जात्यात, तेवढं बरं हाय.

आता 'माणसं'. ही यादी करताना मी घामाघूम झाले. अज्जी, आजोबा, निलम्मा (शेजारची), हेडसर, हे सगळे पटापट झाले. शेवटी सोनूचे पप्पा राह्यले. तुमी म्हणाल 'पप्पा' म्हणून भरायचं, त्यात काय! मी भरलं बी. मोबाईलपुढं तोंड करून गोड आवाजात 'पप्पा' म्हणलं. तर आत्याबाई शेंगाची पाटी तिथंच आपटून उठल्या. "अगं ए, नवऱ्याला पप्पा म्हणतीस? तुझ्या तोंडानं? आवाज कुणाचा हाय त्यो? वर्साच्या सणाला असं अभद्र!" मी म्हणलं सोनूसाठी हाय. तर म्हणल्या, "सोनूसाठी असू दे न्हाईतर देवासाठी असू दे, तोंड तुझं हाय ना?" त्यांचं बी खरं वाटलं मला. आवाज तर माझाच. मंग नाव घ्यावं म्हणलं तर नाव कसं घ्यायचं? (मी तर लिहीत बी न्हाई, तुमाला ठाऊक हाय, रेशनकार्डावर सुद्धा बोट दाखवते.) आत्याबाईंनी भरावं म्हणलं तर त्या 'आरं ए' शिवाय दुसरं म्हणतच न्हाईत. शेवटी मी त्यांना जशी रोज हाक मारते तशीच भरली, 'अहो, ऐकलंत का?' आन ते सगळ्यात शेवटी घातलं, यादीच्या बुडाला, कुणाला पटकन दिसू नये म्हणून.

तुमी सांगितलं की त्रेपन्न शब्दांना त्रेपन्न वळी नको लिहू, पायथनला सांग, एकेक शब्द घे आन त्याला काम नेमून दे. तसं लिहिलं. बुधवारी सकाळी चालू केलं. आत्याबाई देवाला फूल वाहायल्या होत्या. खिडकी उघडायच्या आधीच मशीन सुटलं! पाणी पाहिजे, जेवण पाहिजे, शी आली, शू आली, उलटी आली, पाल पाल पाल, चिमटा काढला, अज्जी, आजोबा, थांबतच न्हाई, माझ्याच आवाजात, एका दमात सगळी दुखणी आन सगळी भ्या. आत्याबाईंनी फूल तसंच हातात धरून ऐकलं आन म्हणल्या, "एवढं समदं ह्या लेकराच्या पोटात होतं व्हय गं?" मला हासू बी आलं आन काय तरी झालं बी. सोनू मात्र टाळ्या वाजवायली.

तुमी मेसेजवर सांगितलं, कंस लावलाय म्हणून ते नेमून देताना लगेच काम करायलंय, त्याच्या आधी लॅम्डा लिही म्हणजे दाबंपर्यंत थांबंल. गुरुवारी दहाला हेडसरांनी बोलावलेलं. सोनूचे पप्पा हैदराबादहून मुद्दाम आलेले (कंपनीची बस चालवत्यात, सुट्टी मिळत न्हाई, तुमाला ठाऊक हाय). लाईट न्हाई, लॅपटॉपमधी चार्जिंग थोडं. लॅम्डा लिहिलं, चालू केलं, खिडकी उघडली, पट्टी दिसली, मशीन गप. मी लगेच बंद केलं, चार्जिंग वाचवाया. दाबून बघितलंच न्हाई. गप बसलं म्हणजे नीट झालं असं मी समजले. मी! जिच्या घरात गप बसणारं लेकरू हाय, तिनं असं समजावं!

शाळेत गेलो. हेडसरांनी खुर्ची दिली, लॅपटॉप टेबलावर, सोनू खुर्चीवर, मी तिच्या मागं, सोनूचे पप्पा दाराशी. खिडकीला लेकरं लोंबायली. सर गोड बोलले, "काय पाहिजे बाळा तुला? सांग." सोनूनं एवढं शहाण्यावाणी 'खाणं' उघडलं, तांब्याचा फोटो शोधला आन दाबलं.

"अहो, ऐकलंत का?"

अक्का, माझ्या आवाजात. हेडसरांना. सर माझ्याकडं बघायले, मी फरशीकडं. म्हणलं चुकून दाबलं असंल. सोनूनं जेवण दाबलं. "अहो, ऐकलंत का?" पोट दुखतंय दाबलं. "अहो, ऐकलंत का?" पाल दाबली, तरी तेच. खिडकीतली लेकरं खिदळाया लागली. सर लाल होऊन म्हणले, "बाई, हे मला म्हणायलंय का?" आन तेवढ्यात सोनूनं आणखी एकदा दाबलं, आन दाराशी उभ्या राह्यलेल्या सोनूच्या पप्पांच्या तोंडून सवयीनं निघालं, "काय गं?"

सगळी शाळा हासली. सर हासले. मी बी हासले असंन, मला आठवत न्हाई. पण सोनू हासली न्हाई. तिनं मान वळवून बापाकडं बघितलं. परत दाबलं. ते एक पाऊल आत आले. परत दाबलं. आणखी एक. ती बघायली की हे म्हणलं की हा माणूस येतोय. सहा वर्सांत तिनं बापाला पहिल्यांदाच हाक मारली आन ती ही असली, बायकोच्या तोंडची. ते तिच्या खुर्चीपाशी येऊन उकिडवे बसले आन दर बारीला म्हणायले, "ओ." सात-आठ बारी. मंग चार्जिंग संपलं.

सर लॅपटॉप झाकत म्हणले, "बाई, पाणी पाहिजे आन पाल आली, हे दोन मला येगळं कळलं पाहिजे." मी म्हणलं सर, एक दिवस द्या, मी नीट करते. तर म्हणले, "मशीन नीट व्हईल, तुमी कराल. पण मी एकटाच ऱ्हाणार. एकतीस जणांत हिनं दाबलं आन मी फळ्याकडं तोंड करून असलो तर?" मी लॅपटॉप पिशवीत घातला. गाडीवरून येताना सोनूचे पप्पा म्हणले, "तिथं शिकवाया माणसं हायत. हितं तू एकटी, आन मी न्हाईच." मी मागं बसून म्हणलं, "व्हय." तुमाला वाटंल मी भांडले असंन. रागवाया कुणीतरी चुकलेलं पाहिजे ना, अक्का. मला कुणीच सापडंना.

तर सोमवारी कलबुर्गीला जायचंय. ट्रंक घेतली. फ्रॉकांवर नाव शिवलं. चूक कुठली ते मला कळलं बी आन न्हाई बी: त्या एकेक शब्द घेणाऱ्या वळीनं शेवटचाच शब्द हातात धरून ठिवला आन समद्यांना तोच वाटला. मी सगळं खोडलं आन लाईट आली तशी काल रात्रभर बसून त्रेपन्न वळी हातानं येगळ्या येगळ्या लिहिल्या. तुमी रागवाल, ही काय रीत म्हणून. पण आता ज्याचं त्याचं बोलतंय. प्रत्येकावर दोनदा दाबून बघितलं.

तिथल्या मॅडम म्हणल्या लॅपटॉप आणा, रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच आमी तिला लावून देऊ. पण तिथं बोलणं सगळं कानडी. मंग निलम्माला बसवलं कानडीत भराया. तिचा आवाज तुमाला ठाऊक हाय, शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला सांगायची सवय. 'नीर बेकू' असं वरडली की रस्त्यानं जाणारा एक माणूस घागर ठिवून आत आला कुणाला पाणी पाहिजे इचाराया. मी म्हणलं निलम्मा, हळू, लेकरू मागायलंय, हुकूम न्हाई सोडायलं. ती म्हणली, "हळू मागितलं तर कोण देतंय गं?" तसंच ठिवलं मंग. तिथं मोठ्यानंच मागावं लागत असंल.

सोनूला अजून सांगितलं न्हाई. ट्रंकेत बसून खेळायली. आत्याबाई, ज्या मार्चपासून पाठवा पाठवा म्हणायल्या, त्या आता ट्रंकेत गुपचूप लाडू ठिवायल्यात आन मी बघितलं की म्हणत्यात, मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण बघायले. बाकी घरी सगळं ठीक. तुमी माझ्यासाठी एवढे रविवार घालवलाव, ते वाया गेले असं समजू नका. मला पट्टी बनवाया येती आता. संतपुरात अशी मी एकटीच असंन.

दाजींना, वेदूला परत एकदा इचारलं म्हणून सांगा. लहान तोंडी जास्त बोलले असंन तर पोटात घाला.

तुमचीच,
मंजुश्री

ता. क. पत्राचं आत्याबाईंना बोलू नका. फोनवर इचारलं तर मी सर्दी झाली म्हणंन, तुमी हळद-दूध सांगा.

ता. क. २. खरं ज्याच्यासाठी लिहाया बसले ते वर कुठंच आलं न्हाई. 'माणसं' मधी मी अज्जी घातली, आजोबा घातले, हेडसर घातले. आई घातलीच न्हाई. हितं तिला लागली न्हाई ना कधी, ती पदर धरती. ट्रंक भरताना ध्यानात आलं की तिथं पदर नसणार. मंग बसले भराया. पण आवाज कुणाचा घालू? माझ्याच आवाजात मलाच हाक मारू व्हय? दुसऱ्याच्या लेकराचा घातला तर दुसऱ्याचंच लेकरू बोलवायलंय असं वाटंल. म्हणून आवाज नको. तुमी फक्त एवढं करा, ती वळ मला येत न्हाई: पट्टीवर 'माणसं'च्या शेजारी एक नाव 'आई' करा, यादी नको, आन त्याच्यावर दाबलं की इकडं माझा फोन वाजू द्या. व्हतं का असं? तिथं इंटरनेट हाय, मी मॅडमना इचारलंय. सोमवारच्या आत मेसेजवर पाठवा, मी वहीत उतरून घेईन. पाच ते साडेपाच मी फोन हातात धरूनच बसंन.

ता. क. ३. मला माहीत हाय, उचलला तरी ती काय बोलणार न्हाई. मलाच बोलावं लागंल. हितं बी तसंच असतंय, आमचं चालतंय.